ड्वार्फ फोर्ट्रेस: तांड्याला पेलेल असा माल कसा बनवायचा

ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे ड्वार्फांचा (बुटक्यांचा) किल्ला उभारून चालवायचा संगणकावरचा खेळ, नव्याने खेळायला घेतलेल्यांची एक तक्रार मी सारखी ऐकतो. बेळगावातली कॉलेजची पोरं असोत, नाहीतर निपाणी-खानापूरकडून फोनवर विचारणारे मित्र असोत, गोष्ट तीच. किल्ला खोदला, शेती लागली, दारू झाली, दगडाचे पेले शेकड्यांनी तयार झाले. मग स्प्रिंगमध्ये एल्फ, म्हणजे झाडांवर जीव असलेले रानातले लोक, व्यापाराला आले आणि सौदा अडला. किंमत पुरेशी होती, पण वजन जास्त झालं. नाहीतर लाकडाची पेटी पुढे केली आणि एल्फ रागावून बसले.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. खेळ कसा सुरू करायचा, जागा कशी निवडायची यात मी शिरत नाही. किल्ला जेमतेम उभा राहिला आहे, पोटापाण्याची सोय झाली आहे, आता व्यापारासाठी काय बनवायचं, इथून सुरुवात करतो. इमारतींची, ऋतूंची, वस्तूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत, म्हणजे मेनूत शोधताना घोळ होणार नाही.

खेळाची ओळख नसलेल्यांसाठी दोन ओळी. टार्न आणि झॅक अॅडम्स या दोन भावांच्या बे १२ गेम्सने हा खेळ २००६ साली पहिल्यांदा लोकांपुढे आणला. चित्रांची, माउसवर चालणारी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये किटफॉक्स या प्रकाशकाने स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आणली. ती विकत घ्यावी लागते. पण अक्षरांच्या चित्रांची क्लासिक आवृत्ती आजही फुकट मिळते आणि व्यापाराचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. हातात जुना लॅपटॉप असेल तर क्लासिकने सुरुवात करायला काहीच हरकत नाही. आणखी एक, सेटिंगमध्ये जाऊन ऑटोसेव्ह प्रत्येक ऋतूला लावून ठेवा. पावसाळ्यात जांबोटी-खानापूरकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि या खेळात ऋतूभराचं काम वाया जाणं फार जिव्हारी लागतं.

कोण, कधी, कशावरून येतो

माल बनवायच्या आधी गिऱ्हाईक ओळखा. एल्फ स्प्रिंगमध्ये येतात, माणसं समरमध्ये, आणि आपले ड्वार्फ ऑटममध्ये. तुमचा किल्ला स्प्रिंगच्या सुरुवातीला सुरू होतो. खेळातला महिना २८ दिवसांचा आणि ऋतू तीन महिन्यांचा. म्हणजे पहिला ऑटम उजाडेपर्यंत तुमच्या हातात जेमतेम दोन ऋतू असतात. पहिल्या वर्षी साधारणपणे ड्वार्फांचाच तांडा येतो. एल्फ आणि माणसं जवळपास राहत असतील तर दुसऱ्या वर्षापासून दिसू लागतात.

आता कळीचा मुद्दा. ड्वार्फ आणि माणसं गाड्या घेऊन येऊ शकतात. एल्फ कधीच गाडी आणत नाहीत, त्यांचा सगळा माल जनावरांच्या पाठीवर. आपल्याकडे पूर्वी रामघाटाने कोकणात माल उतरायचा तो बैलांच्या पाठीवरच. बैलाच्या पाठीवर मावेल तेवढंच नेता येतं, मग माल कितीही चांगला असो. एल्फांचं गणित अगदी तसंच आहे. व्यापाराच्या पडद्यावर त्यांना आणखी किती वजन नेता येईल हे लिहिलेलं असतं. त्या आकड्याच्या पुढे गेलात की सौदा होत नाही. किमतीत तुम्ही दुप्पट द्यायला तयार असलात तरी नाही.

गाड्यांनाही मर्यादा असतेच, फक्त ती मोठी असते. पण गाडी डेपोपर्यंत, म्हणजे व्यापारी माल उतरवतात त्या जागेपर्यंत, पोचायला वाट सलग ३ चौकोन रुंद लागते. मध्ये झाड, मोठा धोंडा किंवा सापळा असेल तर गाडी येत नाही, आणि जिन्यावरून तर ती उतरतच नाही. चढउतार असेल तर तीन चौकोन रुंदीचा रॅम्प करा. गाडीला वाट सापडली नाही तर व्यापारी गाड्या सोडून फक्त जनावरं घेऊन येतात, म्हणजे तांड्याची वहनशक्ती तुम्हीच कापलीत.

डेपो ५ गुणिले ५ चौकोनांचा असतो आणि बांधायला ३ दगड, ठोकळे किंवा ओंडके पुरतात. तो किल्ल्याच्या दाराच्या आत, तयार मालाच्या गोदामाजवळ बांधा. दाराबाहेर बांधलेला डेपो म्हणजे चोरांना आमंत्रण. कोबोल्ड चोर येतातच, आणि गॉब्लिन या शत्रूंचा हल्ला झाला तर व्यापारी उघड्यावर मरतात. तांडा तुमच्या दारात मारला गेला की पुढच्या संबंधांवर त्याचा परिणाम होतो.

बांधकाम चालू असतानाच एका ड्वार्फाला ब्रोकर, म्हणजे व्यापाऱ्यांशी सौदा करणारा, नेमा. त्याला अप्रेझर हे किमतीचा अंदाज घेण्याचं कौशल्य नसेल तर मालाच्या किमती नीट दिसत नाहीत. मालाची मोजदाद ठेवणारा बुककीपर आणि कामाचे हुकूम मंजूर करणारा मॅनेजर हे दोघेही आत्ताच नेमून टाका. सुरुवातीला एकच ड्वार्फ तिन्ही पदं सांभाळू शकतो.

वजनामागचं गणित

नवख्यांना कुणीच नीट सांगत नाही ते इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

वस्तूची किंमत तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: वस्तूची मूळ किंमत, पदार्थाचा गुणक, आणि कारागिरीचा दर्जा. अंगठी, डूल, बांगडी, मूर्ती, पेला या सगळ्यांची मूळ किंमत १०. साध्या दगडाचा गुणक १, तांब्याचा २, लोखंडाचा आणि चांदीचा १०, सोन्याचा आणि पोलादाचा ३०, प्लॅटिनमचा ४०. म्हणजे साध्या दर्जाची दगडी मूर्ती १० ची आणि सोन्याची ३०० ची.

वजन मात्र वस्तूचा आकार आणि पदार्थाची घनता यांवर ठरतं. खेळात घनता खऱ्या जगाला धरून दिली आहे. सोनं १९३२०, प्लॅटिनम २१४००, चांदी १०४९०, तांबं ८९३०, लोखंड आणि पोलाद ७८५०, बहुतेक दगड साधारण २६०० च्या आसपास. आणि हाड? ५००. चामडंही ५००.

आता एकाच आकाराची वस्तू वेगवेगळ्या पदार्थांत बनवली असं धरा आणि गुणकाला घनतेने भागा. आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून हजाराने गुणतो. दगड ०.३८ च्या जवळ येतो. तांबं ०.२२. म्हणजे तांड्याच्या वजनाच्या हिशेबात तांब्याची मूर्ती दगडाच्या मूर्तीपेक्षाही वाईट! चांदी ०.९५, लोखंड १.२७, सोनं १.५५, प्लॅटिनम १.८७. आणि हाड २. पोलाद ३.८ वर जातं, पण पोलाद शस्त्रांना आणि चिलखतांना लागतं, ते मूर्तींत घालवू नये.

हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा विश्वास बसला नव्हता. खाटकाच्या दुकानामागे पडलेलं हाड वजनाला वजन लावून पाहिलं तर सोन्याला मागे टाकतं. एका अंगठीची किंमत सोन्याची जास्त, हे खरंच. पण एल्फांच्या जनावरांवर मोजकंच वजन चढणार असेल, तर त्या वजनात हाडाच्या वस्तूंनी जास्त किंमत पाठवता येते. नव्या किल्ल्यात सोनं मिळेल न मिळेल, हाडं मात्र मिळणारच.

अॅडमँटाइन या धातूचा गुणक ३०० आणि घनता फक्त २००. आकड्यात तो सगळ्यांच्या कितीतरी पुढे आहे. पण तो खोल जमिनीत मिळतो, खणताना भयानक संकट सुटू शकतं, आणि मिळाला तर त्याच्या तलवारी आणि चिलखतं करायची असतात. व्यापाराच्या यादीतून त्याला वगळा.

फेदरवुड हे लाकूड घनतेने १०० आहे, लाकडात सर्वांत हलकं. खेळात 'गुड' म्हटलेल्या भूमीत ती झाडं मिळतात. ड्वार्फांना आणि माणसांना विकायला त्याच्या वस्तू झकास आहेत. एल्फांसमोर मात्र ते लाकूडच, काढूही नका.

दर्जा: ज्याला वजन नाही

दगड सोडून सोनं किंवा हाड घेतलं तर वजनाच्या हिशेबात चार-पाच पट फरक पडतो. कारागिरीच्या दर्जाने बारा पट पडतो, आणि वजन रतीभरही वाढत नाही.

दर्जाचे गुणक असे: साधी वस्तू १, नीट बनवलेली २, सुबक ३, त्यावरची ४, उत्कृष्ट ५, आणि मास्टरवर्क १२. म्हणजे हाडाची साधी अंगठी १० ची, तीच मास्टरवर्क असेल तर १२० ची. अंगठ्या इतक्या छोट्या असतात की पडद्यावर त्यांचं वजन १ पेक्षा कमी असंच दिसतं. बारा साध्या अंगठ्या न्यायच्या की एक मास्टरवर्क, हे एल्फाच्या जनावराला विचारा.

म्हणून माझा आग्रह एकच राहील. कारागीर कमी ठेवा, पण त्यांना एकाच कामावर ठेवा. एक ड्वार्फ हाडकामाला, एक शिवणकामाला, एक विणकामाला. सात जणांनी सगळं करायचं असा कारभार ठेवला तर सात जण अर्धवट शिकतात आणि गोदाम साध्या दर्जाच्या मालाने भरतं. स्टीम आवृत्तीत वर्क डिटेल्समध्ये जाऊन काम ठराविक ड्वार्फांपुरतं मर्यादित करता येतं. शिवाय वर्कशॉपवर क्लिक करून ते एकाच कारागिराच्या नावावर करता येतं. मी दोन्ही करतो. ओझं वाहण्याचं काम या कारागिरांच्या अंगावरून काढून घ्या, नाहीतर तुमचा सर्वांत हुशार हाडकाम करणारा दगड ओढत फिरतो.

सुरुवातीचा साधा माल कच्चा म्हणून टाकून देऊ नका. तो पहिल्या ऑटमला, ड्वार्फांच्या गाड्यांवर चढवा. कारागीर हात बसवत असताना झालेला माल गाडीवाल्यांना आणि हात बसल्यावरचा एल्फांना, अशी वाटणी ठेवली की काहीच वाया जात नाही.

हाड, चामडं आणि कवटी

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिला माल हाडाचाच घ्या, कारण तो आपोआप जमतो.

बुचर्स शॉप बांधा. जनावर कापलं की मांस, चरबी, कातडी, कवटी आणि हाडांचा एक गठ्ठा निघतो. मोठ्या जनावराचा गठ्ठा मोठा. कातडी लवकर टॅनर्स शॉपमध्ये जायला हवी, ती कुजते. टॅनर्स शॉप बुचर्स शॉपच्या शेजारीच बांधा. तिथे कातडीचं चामडं आपोआप होत राहतं.

मग क्राफ्ट्सड्वार्फ्स वर्कशॉप. इथे हाडाच्या वस्तू, चामड्याच्या वस्तू, कवटीचे टोटेम, कापडाच्या वस्तू सगळं होतं. मॅनेजरच्या यादीत हाडांच्या वस्तूंचा हुकूम टाका आणि त्याला अट घाला की हाडं एका ठराविक संख्येपेक्षा जास्त असतील तेव्हाच काम सुरू कर. अट घातली नाही तर काम दर वेळी रद्द होतं आणि पडद्यावर सूचनांचा पाऊस पडतो. थोडी हाडं बाण करायला राखून ठेवा, क्रॉसबोवाले असतील तर लागतात.

चामड्याचं मात्र मी सगळंच विकायला सांगणार नाही. किल्ल्याला पिशव्या लागतात, सैनिकांना पाण्याच्या पखाली लागतात. ते झाल्यावर उरेल ते विका.

कापड: हातची खरी रोजी

हाड जनावरावर अवलंबून. कापड मात्र दरवर्षी शेतातून येतं, म्हणून लांब पल्ल्याचा धंदा कापडाचा. यात टप्पे जास्त आहेत, आणि नवखे इथेच गोंधळतात. माझा वडगावचा एक मित्र यंत्रमागांच्या घरात वाढलेला. त्याला सूत, माग, रंग, शिवण ही साखळी समजावून सांगावी लागली नाही. तो फक्त कोणतं वर्कशॉप कशाचं, एवढंच विचारायचा. बाकीच्यांसाठी सगळं क्रमाने सांगतो.

पिकापासून सुरुवात. जमिनीखालच्या शेतात पिग टेल लावा. ते फक्त समर आणि ऑटममध्ये लागतं. शेताच्या पडद्यावर प्रत्येक ऋतूला वेगळं पीक ठरवायचं असतं. स्प्रिंग आणि विंटर मोकळे ठेवू नका, तिथे प्लंप हेल्मेट किंवा डिंपल कप टाका, ही दोन्ही वर्षभर लागतात. जमिनीवर शेती असेल तर कापूस, ताग, अंबाडी, जवस यांपासूनही सूत निघतं. कापूस शब्द पडद्यावर दिसला की आपल्याकडची पोरं लगेच तो लावतात. लावा, काही हरकत नाही, पण बाहेरच्या शेताला राखण लागते.

पिग टेलपासून एल नावाची दारूही बनते. दारूवाल्याला मोकळं सोडलं तर तुमचं सगळं पिग टेल मडक्यात जातं आणि माग रिकामा बसतो. किचनच्या यादीत जाऊन पिग टेलची दारू बंद करा. दारूला प्लंप हेल्मेट पुरतात.

कापणी झालेलं पिग टेल फार्मर्स वर्कशॉपमध्ये जातं आणि तिथे त्याचं सूत होतं. बी परत मिळतं, म्हणून बियाण्याची काळजी नाही. मेंढ्या, लामा, अल्पाका असतील तर त्यांची लोकर कातरणं आणि कातणं दोन्ही याच वर्कशॉपमध्ये. मेंढ्यांना चरायला हिरवं कुरण लागतं, त्यांना तळघरात कोंडून ठेवू नका.

मग लूम, म्हणजे माग. सूत दिसलं की लूम स्वतःहून विणायला लागतो, आणि गुहेत कोळ्यांची जाळी असतील तर विणकर तीही गोळा करून आणतो. हे जाळ्यांचं रेशीम चांगलं, आणि मोठ्या गुहाकोळ्याचं तर साध्या कापडापेक्षा कितीतरी पटींनी महाग. पण त्या कोळ्याजवळ कारागीर पाठवायचा म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. रेशमासाठी चांगला विणकर गमावू नये, असं माझं ठाम मत आहे.

रंग हा कापडाच्या किमतीचा कणा आहे. डिंपल कप क्वर्नमध्ये, म्हणजे जात्यात, दळला की निळा रंग निघतो. दळलेला रंग पिशवीत भरला जातो, म्हणून रिकाम्या पिशव्या आधी लागतात. इथे बहुतेकांचं अडतं. पिशव्या दोन-चार असतात, त्यांत बी-बियाणं भरलेलं असतं, आणि दळण बंद पडलं की माणूस क्वर्नला दोष देतो. पहिलं कापड विणून झालं की त्याच्या पिशव्या शिवा, बाकी सगळं मग. रंगलेलं सूत किंवा कापड डायर्स शॉपमध्ये होतं. मी सूत न रंगवता कापड रंगवतो, कारण मग रंगलेलं किती आणि कोरं किती हे गोदामात चटकन दिसतं.

शेवटी क्लोदियर्स शॉप. सदरे, झगे, विजारी, मोजे, टोप्या. इथले कपडे ड्वार्फांच्या मापाचे होतात, पण व्यापाऱ्याला त्याने फरक पडत नाही, तो किंमत बघतो. उलट बाजूने फरक पडतो: माणसांच्या तांड्यातले मोठ्या मापाचे कपडे विकत घेतलेत तर तुमच्या ड्वार्फांना ते येणार नाहीत. तयार कपड्यावर याच दुकानात चित्रही शिवता येतं. शिंपी चांगला असेल तर त्या चित्राने किंमत आणखी वाढते.

एक सावधगिरी. ड्वार्फांचे अंगावरचे कपडे झिजतात आणि ते गोदामातून नवे उचलतात. काही जण हौसेने अंगठ्या-बांगड्याही घेतात. विकायला ठेवलेला माल कमी झाला म्हणून घाबरू नका. किल्ल्यातल्या लोकांच्या अंगावर चांगला कपडा असणं हेही तुमचंच काम आहे, त्यामुळे कपड्याचा हुकूम विक्रीच्या हिशेबापेक्षा थोडा जास्तच ठेवा.

कापड दगडापेक्षा हलकं असतं, हाडापेक्षा जड. तरी त्याच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. रंग आणि चित्र यांनी किंमत चढवता येते, आणि पीक दरवर्षी ठरलेल्या वेळेला येतं.

दगडी पेल्यांचं काय

दगडी पेले वाईट नाहीत. एका दगडातून ३ पेले निघतात, खोदकामातून दगड फुकट मिळतो, आणि पहिल्या ऑटमला दुसरं काही तयार नसतं. ड्वार्फांच्या गाड्यांना पेले विका, खुशाल विका. फक्त त्यावर थांबू नका.

दगडी मालाचा खरा त्रास किल्ल्याच्या आतच होतो. पेल्यांनी भरलेली पेटी उचलणारा ड्वार्फ बघा. बाकीचे त्याच्या बाजूने भराभर ये-जा करतात आणि तो एक चौकोन ओलांडायला वेळ घेत राहतो. अशा दहा पेट्या डेपोवर न्यायच्या असतील तर निम्मा किल्ला ओझ्याला जुंपला जातो, आणि तेवढ्यात व्यापाऱ्यांची निघायची वेळ येते. माझे मामा एकदा मागे उभे राहून हे बघत होते. त्यांचं आयुष्य साड्यांचे गठ्ठे लॉरीवर चढवण्यात गेलं. त्यांनी विचारलं, "दगडाचे पेले पाठवूलालास? आणि वाहतूक कुणाच्या अंगावर?" खेळ न खेळलेल्या माणसाने नेमकं बोट ठेवलं. वाहतूक आपल्याच अंगावर पडते.

वस्तू जितक्या जास्त, तितका खेळही जड चालतो. जुन्या लॅपटॉपवर हजारो पेले पडून राहिले की ऋतू सरता सरत नाही. कमी पण चांगला माल बनवण्याचं हेही एक कारण.

गोदाम आणि पेट्या

तयार मालासाठी फिनिश्ड गुड्सचं स्टॉकपाईल डेपोला लागून करा आणि पेट्या लावा. पेट्या कार्पेंटर्स वर्कशॉपमध्ये लाकडाच्या होतात, भट्टीवर धातूच्याही करता येतात.

एल्फांसाठी मात्र वेगळं, छोटं स्टॉकपाईल करा आणि त्यात पेट्यांची संख्या शून्य ठेवा. कारण एल्फांना लाकडी वस्तू पुढे केलेली चालत नाही, आणि लाकडी पेटी ही लाकडी वस्तूच आहे. आत हाडाच्या अंगठ्या असल्या तरी. लाकडाची सजावट असलेली वस्तूही त्यात आली. या स्टॉकपाईलमध्ये फक्त हाड, चामडं, कापड यांच्या वरच्या दर्जाच्या वस्तू येतील असं सेटिंग करा. स्टॉकपाईलच्या सेटिंगमध्ये पदार्थ आणि दर्जा दोन्ही निवडता येतात. यात पंधरा मिनिटं जातात, पण नंतर प्रत्येक स्प्रिंगला डोळे फोडून यादी चाळावी लागत नाही.

तांडा आला

व्यापारी आल्याची सूचना दिसली की डेपोवर क्लिक करून माल मागवा आणि ब्रोकरला बोलवा. ते साधारण महिनाभर थांबतात. ब्रोकर झोपलेला असेल किंवा दारू पीत बसला असेल तर कुणालाही व्यापार करू द्यायची मुभा द्या. फक्त मग अंदाज घेणारं कौशल्य त्या वेळी मिळत नाही.

माल मागवण्याआधी एकदा आपल्या मानकऱ्यांचे हुकूम बघा. किल्ला मोठा झाला की एखादा सरदार अमुक वस्तू बाहेर जाऊ नये असं फर्मान काढतो. ती वस्तू विकली गेली तर शिक्षा तुमच्याच कुणाला तरी होते, कधी तुरुंग, कधी त्याहून वाईट. मी तर यादीत अशी वस्तू दिसली की ती सगळीच्या सगळी बाजूला काढून कुलपात टाकतो.

व्यापाराच्या पडद्यावर आधी त्यांचा जड माल घ्या. ड्वार्फांकडचे धातूचे बार, ऐरण, माणसांकडची धान्याची पिंपं. तुम्ही त्यांच्या पाठीवरून वजन उतरवलं की तेवढी जागा तुमच्या मालाला मोकळी होते. एल्फांकडून लाकूड, कापड, फळं, पिंजऱ्यातली जनावरं मिळतात. झाडं कमी असलेल्या जागी किल्ला असेल तर त्यांचे ओंडके घ्याच, जागाही होते आणि पलंगांची सोयही.

मग तुमचा माल पुढे करा. पेटी आख्खी निवडू नका, आतल्या वस्तू एकेक निवडा, नाहीतर पेटीही त्यांच्याबरोबर जाते. व्यापाऱ्याला ठसठशीत नफा दिसला पाहिजे. मी घेतो त्याच्या साधारण दीडपट किमतीचा माल देतो. घासाघीस करून दोन-पाच अंगठ्या वाचवण्यात काही अर्थ नाही. सौदा नाकारला गेला की व्यापाऱ्याचा मूड बिघडतो, आणि तो फार बिघडला तर उठून जातो. चांगला फायदा घेऊन गेलेले व्यापारी पुढच्या वर्षी जास्त माल आणतात. उरलेल्या वजनात बसेल तेवढं भेट म्हणून दिलंत तर त्याचाही उपयोग होतो. सीझ हे बटण मात्र कधीच दाबू नका. ते जप्तीचं आहे आणि त्याने वर्षांचे संबंध तुटतात.

ऑटमच्या तांड्याबरोबर ड्वार्फांचा एक प्रतिनिधी येतो आणि तुमच्या म्होरक्याला भेटतो. तो दोन याद्या काढतो. एकीत तुम्हाला पुढच्या वर्षी काय हवं ते सांगायचं, जितका जोर द्याल तितकी ती वस्तू महाग पडते. दुसरीत त्यांना काय हवं आहे ते तो सांगतो, आणि त्या वस्तूंना पुढच्या ऑटममध्ये चढा भाव मिळतो. ही दुसरी यादी बहुतेक जण न वाचता बंद करतात. ती लिहून ठेवा. त्यात कपडे, चामड्याच्या वस्तू, किंवा छोटे दागिने असतील तर पुढच्या वर्षीचे हुकूम त्यावरून टाका. दगडाच्या जड वस्तूंची मागणी असेल तर तीही पुरवा, कारण हे ड्वार्फ गाड्या घेऊन येतात आणि गाडीला ते पेलतं.

धंदा बसला की एका गोष्टीची तयारी ठेवा. किल्ल्याची बनवलेली संपत्ती आणि बाहेर पाठवलेला माल वाढला की नवे रहिवासी येतात, तशा गॉब्लिनांच्या धाडीही येतात. दुसऱ्या वर्षी एल्फांना मास्टरवर्क हाडकाम विकायला लागलात तर त्याच वर्षी एक छोटी तुकडी उभी करा आणि डेपोच्या वाटेवर, गाडीला पुरेल एवढ्या रुंदीचा, उचलता येणारा पूल बांधा. त्याचा लीव्हर जेवणाच्या दालनात ठेवा. तिथे नेहमी कुणीतरी ड्वार्फ असतोच, आणि धाड आली की ओढणारा हात लगेच सापडतो.